बर्निसच्या गाडीसमोर काढलेला फोटो

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही माझ्या गंजलेल्या पायरीकडेच बघत बसाल. मी एक घरगाडी आहे. पुढे इंजिन, मागे पलंग आणि मध्ये चूल. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत, इंडियानातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा माझ्या अंगावर दोन निळे पट्टे होते आणि त्यांचा मला फार तोरा होता.

व्हर्जिल आणि नॅडीन टॉलिव्हर या जोडप्याने मला मिझुरीला नेले. सुट्टीत आम्ही तळ्याकाठी जायचो. व्हर्जिल आपल्या जुन्या सदऱ्याने माझी काच पुसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिच्यासारखी गाडी आता बनत नाही." पुढे त्याचे गुडघे दुखू लागले आणि मी अकरा वर्षे कोठाराच्या मागे उभी राहिले. माझ्या चाकांत गवत वाढले. उंदरांनी गादी कुरतडली. तक्रार कोणाकडे करणार?

व्हर्जिल गेला. नॅडीन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली, तिने घर विकले आणि ती माझ्यात राहायला आली. माझे इंजिन पुन्हा धडधडले तेव्हा मला वाटले, आता ही फक्त माझी.

हिवाळ्यासाठी आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम टाकला आणि शेजारी बर्निस आली. तिची गाडी छत्तीस फुटी, कोरी, दुधासारखी पांढरी. बटण दाबले की तिच्या भिंती बाहेर सरकायच्या आणि आत दिवाणखाना उघडायचा. पहिल्याच दिवशी नॅडीन तिच्यात शिरली आणि तास उलटला तरी बाहेर येईना. परत आल्यावर माझ्या कपाटाचे दार लागेना म्हणून तिने ते आपटले. त्या दिवसापासून मी त्या पांढरीवर जळू लागले. एकदा तिची सरकती भिंत मध्येच अडकली, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटे कशाला बोलू?

एप्रिलपासून वाळवंट तापते आणि माणसे तेथून हलतात. ज्यांचे घर गाडीतच आहे, ती उन्हाळ्यापुरते एखाद्या सरकारी उद्यानात, पर्यटकांच्या गाड्या मुक्कामाला येतात त्या तळावर काम धरतात. आलेल्यांना जागा दाखवायची, शेकोटीची कुंडे साफ करायची, शौचालये घासायची. पगार नाही, पण झाडाखाली जागा, पाणी आणि वीज मिळते. नॅडीनने फेब्रुवारीत नऊ ठिकाणी अर्ज धाडले आणि प्रत्येकाला माझा फोटो जोडला. एकाचेही उत्तर आले नाही.

बर्निस मात्र एका सकाळी फोन नाचवत आली. "अगं नॅडीन, तिसऱ्या ठिकाणचा होकार! आता नाही कोणाला म्हणू, सांग बाई."

"पाय दुखतील तुझे, तीन ठिकाणी राबून," नॅडीन हसून म्हणाली. ती आत आली तेव्हा मात्र तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

त्याच दुपारी नॅडीनच्या मुलाचा फोन आला. "आई, पुरे झालं आता. विकून टाक तो डबा आणि इकडे ये. तळघरातली खोली रिकामीच आहे."

'डबा' हा शब्द मी स्पष्ट ऐकला. नॅडीनने माझ्या भिंतीवरून हात फिरवला, पण त्याला नाही म्हटले नाही. "महिनाअखेरपर्यंत बघते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने ठेवणीतला सदरा घातला. "बर्निस, तुझ्या गाडीसमोर माझा एक फोटो काढतेस का? तिथं ऊन छान आहे."

ती पांढरीच्या दाराला हात लावून, हसून उभी राहिली. मी वीस पावलांवर होते. त्या फोटोत माझे चाकसुद्धा आले नाही. दहाव्या अर्जात तिने तो फोटो लावला आणि लांबी लिहिली, छत्तीस फूट. मित्रांनो, तेव्हा माझा जो जळफळाट झाला, तो सांगायला शब्द नाहीत.

चौथ्या दिवशी ऑरेगनमधल्या एका तळावरून होकार आला.

आम्ही उत्तरेकडे निघालो. वाटेत नॅडीन तीनदा थांबली आणि परत फिरावे का, याचा विचार करत बसली. तळावर उद्यानाची देखरेख करणारी रेंजर डोलोरेस एक नंबरच्या जागेवर उभी होती. जमिनीवर लाकडाचा ताजा भुसा पडलेला होता.

"फोटोतली गाडी कुठाय?" तिने विचारले.

"दुरुस्तीला टाकलीय," नॅडीन म्हणाली.

"बरं. केव्हा येईल?"

नॅडीनची नजर वर गेली. देवदाराची मांडीएवढी जाड फांदी बुंध्यापाशी कापलेली होती. जखम अजून ओली होती.

"ही कशाने पडली?"

"पडली नाही, मी कापली. तुमच्या छत्तीस फुटांना आत शिरायला वाट नव्हती. समोरच्या तळ्यातले मासे धरणारी घार दर उन्हाळ्यात याच फांदीवर येऊन बसायची."

नॅडीन माझ्या पायरीवर बसली. "ती गाडी येणार नाही. ती माझी नव्हतीच हो. माझी ही. चोवीस फुटी."

"मग फोटो तिचा का?"

"नऊ जणांनी हिला बघून उत्तरसुद्धा दिलं नाही."

"अर्ज केव्हा टाकले होते?"

"फेब्रुवारीत."

डोलोरेसने कपाळाला हात लावला. "अहो बाई, या जागा आदल्या ऑक्टोबरातच भरतात! फेब्रुवारीत राजवाडा घेऊन आलात तरी कोणी विचारणार नाही. आमच्याकडं एकजण आजारी पडला म्हणून तुमचं जमलं. फोटो आम्ही मागतो तो गाडी जागेत बसेल का, ते बघायला. रूप बघायला नव्हे."

बर्निसने आपले अर्ज ऑक्टोबरातच धाडले होते, असे ती एकदा बोलल्याचे मला तेव्हा आठवले.

"मी परत जाऊ का?" नॅडीनने विचारले.

"पंधरा दिवस बघते. खोटं पुन्हा ऐकलं तर मात्र त्याच दिवशी निघायचं. झाडू त्या खोलीत आहेत."

पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. शाळेतली शेकडो पोरे हाताळलेल्या नॅडीनला तळ सांभाळणे जड गेले नाही. एका रविवारी ती माझ्या छतावर चढली आणि गळणारी फट तिने स्वतः बुजवली. मुलाला फोनवर म्हणाली, "डबा म्हणायचं नाही." तरी माझा स्वभाव गेलेला नाही. उद्यानाची एक छोटी विजेची गाडी तिच्या हाताखाली आहे, ती रोज धुतली जाते आणि मी रोज मोजते.

पण घार आली तेव्हा मी सगळे विसरले. तिने त्या जागेभोवती तीन घिरट्या घातल्या आणि ती तळ्यापलीकडे निघून गेली. नॅडीन पायरीवर उभी राहून बघत होती. आम्ही दोघीही कोणाच्या तरी पांढऱ्या रंगावर जळलो आणि फांदी मात्र त्या देवदाराची गेली.

म्हणून मित्रांनो, जे जुने तुम्हाला वाहून नेते, त्याला तेलपाणी करा, त्याचे छत गळते का ते बघा. आणि फोटो काढायची वेळ आली, तर त्याच्यासमोरच उभे राहा.