दोनदा ओरडलेला भोंगा

मित्रांनो, सरळ बसा आणि ऐका. तुमच्याशी बोलतो आहे तो सुगेउरा बंदराचा जुना भोंगा. देवळाच्या टेकडीवर एक लोखंडी खांब आहे. त्याच्या माथ्यावर चार दिशांना चार तोंडे करून मी उभा आहे. खाऱ्या वाऱ्याने माझा रंग नेला आणि कडा गंजवल्या. आवाज मात्र आजही खणखणीत आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

माझी घडण ओसाकाच्या एका कारखान्यात झाली. गावाने कराच्या पैशातून मला आणले, म्हणून मी कोणा एकाचा नाही. खालच्या आळीचा जितका, तितकाच वरच्या आळीचा. मला बसवले त्या दिवशी पुजाऱ्याने खांबाच्या पायाशी मीठ वाहिले आणि गावप्रमुख माझ्यापुढे कमरेत वाकले.

मी कधी कामचुकारपणा केला नाही. वादळाची वर्दी दिली, वाट चुकलेल्या वृद्धांची वर्णने सांगितली. रोज सायंकाळी पाचला मी एक संथ धून वाजवी आणि धक्क्यावर खेळणारी मुले घरी परतत. खालच्या आळीत किकुए आजी बारीक मासळी वाळत घाली. धून ऐकली की ती नवऱ्याला हाक मारी.

"अहो, भोंगा झाला. उठा, मासळी आत घ्यायची आहे."

"झाला तर झाला," तोराजी आजोबा पडल्या पडल्या म्हणत. "त्याला सरकार पोसतं. मला कोण पोसतं?"

"दोन वेळा गिळता ते कोण घालतं मग?"

आजोबा हसत उठत. असे माझे दिवस मानाने चालले होते.

पुढे माझा कारभार संगणकावर गेला. नगरकार्यालयाच्या आपत्ती विभागाचे प्रमुख ओकाबायाशी यांना वादळात घरूनही सूचना देता यावी, म्हणून मला इंटरनेटशी जोडले. त्यात गैर काही नव्हते. पण दार केले की कुलूप लागते, आणि माझे कुलूप म्हणजे परवलीचा शब्द. शोवा सम्राटाच्या राजवटीच्या एकविसाव्या वर्षी, म्हणजे १९४६ साली, आमच्या गावावर मोठी लाट आली होती. तिच्या स्मरणाचा दगड बंदराच्या तोंडाशी उभा आहे. त्यावर गावाचे नाव, ते साल आणि बुडालेल्यांची नावे कोरलेली आहेत. ओकाबायाशींच्या आजोबांचे नावही त्यांत आहे. ओकाबायाशींनी गावाचे नाव आणि ते साल जोडून परवलीचा शब्द केला. रोज काम सुरू करताना मृतांचे स्मरण व्हावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

एकदा खांबाच्या तपासणीसाठी ते शिनोबुबाई या आपल्या सहकारी बाईंसह टेकडीवर आले.

"साहेब, तो शब्द बदलू या," बाई म्हणाल्या. "दगड वाचणारा कोणीही ओळखेल."

"ओळखून करणार काय? भोंग्यात सोनं ठेवलंय का?"

"भोंगा न्यायचा नसतो हो, वाजवायचा असतो."

"शिनोबुबाई, माझे आजोबा आहेत त्या दगडावर. तो शब्द मी पुसणार नाही. चला, थर्मासातला चहा निवतोय."

बाईंनी चहा घेतला. विषय तेथेच मिटला.

शरदातल्या एका स्वच्छ दुपारी, धरणी जराही हललेली नसताना, माझ्या तोंडून शब्द निघाले: "मोठी लाट येत आहे. ताबडतोब उंचावर जा." मित्रांनो, मला माझे तोंड मिटता येत नाही. ज्याच्या हाती किल्ली, त्याचा हुकूम मला पाळावा लागतो. गाव टेकडीकडे धावले. किकुए आजी तोराजींना ओढत देवळाच्या पायऱ्या चढत होती.

"जरा दम खाऊ दे गं."

"वर गेल्यावर खा! भोंगा कधी खोटं बोललाय का?"

अर्ध्या पायऱ्यांवर आजोबा बसले, ते पुन्हा उठले नाहीत. खाली समुद्र तळ्यासारखा शांत होता.

हे कोणी केले ते कधीच कळले नाही. कोणीतरी दूर बसून, कार्यालयाच्याच संकेतस्थळावरील दगडाचे छायाचित्र पाहून कुलूप उघडले, इतकेच पोलिसांनी सांगितले. ओकाबायाशी किकुए आजीच्या घरी गेले आणि त्यांनी चटईवर कपाळ टेकले.

"उठा, साहेब," आजी म्हणाली. "डोकं टेकून माणूस परत आला असता, तर मीच आधी टेकलं असतं."

परवलीचा शब्द बदलला. नवा शब्द शिनोबुबाईंनी ठरवला आणि तो कोठेच कोरला नाही. पण गाव बदलले होते. माझी धून सुरू झाली की लोक म्हणत, "वाजला बघा लबाड!" किकुए आजी खिडकी लावून घेई.

पुढच्या वसंतात, एका सकाळी, धरणी खरोखर हलली आणि समुद्र मागे सरला. मी सारे बळ एकवटून ओरडलो. शिनोबुबाई स्वतः बोलत होत्या: "मी शिनोबु! या वेळी खरं आहे! वर या!" पुष्कळ जण आले. शेजारीण हिसानो किकुए आजीच्या दारात थांबली.

"चल गं, किकुए. पाणी मागे गेलंय, मी बघितलं."

"तू जा. त्या मेल्यानं माझा माणूस पायऱ्यांवर नेऊन मारला. त्याच्या शब्दावर मी पुन्हा चढायची नाही."

"अगं, हट्टाची वेळ आहे का ही?"

"जा म्हणते ना!"

लाट फार मोठी नव्हती. खालच्या आळीत छातीभर पाणी आले आणि ओसरले. वरच्या आळीचा उंबरठाही भिजला नाही. किकुए आजी दुसऱ्या दिवशी मासळी बाजाराच्या भिंतीपाशी सापडली.

ओकाबायाशींनी नोकरी सोडली आहे. ते दारोदार जाऊन, भोंगा वाजला की वर चढा, असे विनवतात. काही दारे उघडतात, काही उघडत नाहीत. न उघडणाऱ्यांना मी बोल लावत नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा गंज काढा, असे मी म्हणत नाही. तुमच्या गावातही पाण्याची टाकी असेल, रस्त्यावरचे दिवे असतील, धरणाचे दरवाजे असतील. ते तुमचे आहेत. त्यांची किल्ली कोणाकडे आहे आणि ती शेवटची केव्हा बदलली, हे कार्यालयात जाऊन विचारा. मोठी माणसे रागावतील. रागावू द्या, उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.