पिवळ्या नळीची साक्ष

मी एक जुनी, तळहातावर मावणारी लाकडी पेटी आहे. माझ्या पोटात काचेच्या दोन नळ्या, औषधाच्या दोन बाटल्या आणि रंगांची एक पट्टी. पोहण्याच्या टाकीतलं पाणी चांगलं की वाईट, हे मी सांगत असे. मित्रांनो, मी एकदाही खोटं बोलले नाही. त्याचा काय उपयोग झाला, ते ऐका.

१९६६ साली मधुकररावांनी मला मुंबईहून मागवलं. मँगनीजच्या खाणींनी त्यांचं घर भरलं होतं आणि नागपुरात, सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात, त्यांनी पोहण्याची टाकी बांधली होती. दोन दिवस त्यांनी मला पाहुण्यांना दाखवलं, मग रुपरावांच्या हवाली केलं.

टाकी रुपराव सांभाळत. इतवारीतून ब्लीचिंग पावडर आणत, बादलीत कालवत, गाळ खाली बसू देत आणि वरची निवळी तेवढी टाकीत ओतत. ऊन क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून हे काम दिवस कलल्यावर. सकाळी माझ्या नळीत पाणी घेऊन पाच थेंब टाकत. पाणी फिकट पिवळं झालं की क्लोरीन पुरेसं. झालंच नाही तर जंतूंना रान मोकळं. दुसऱ्या नळीत पाण्यातला खार, म्हणजे अल्कपणा, कळे. खार वाढला की क्लोरीन नावालाच उरतं, मग रुपराव जपून तेजाब, म्हणजे आम्ल, घालत. चौथी शिकलेला माणूस, पण हात डॉक्टरचा. नऊ वर्षांत ते भरल्या टाकीत एकदाही उतरले नाहीत. छप्पन साली ते बौद्ध झाले, पण बंगल्यातले लोक त्यांची जुनी जात विसरले नव्हते. टाकी रिकामी करून घासायची असली की मात्र त्यांनाच उतरवत.

१९७५ च्या एप्रिलात मधुकररावांच्या पत्नी लतिकाबाई सकाळीच टाकीवर आल्या आणि रुपरावांच्या हातातल्या नळीकडे बोट दाखवलं.

“हे पाणी पिवळं काहून झालं?”

“पिवळं झालं म्हणजे बरोबर हाये जी, बाईसाहेब. दवाई पुरी पडली.”

“मले शिकवतं का तू? पिवळं पाणी म्हणजे पिलिया! माह्या बेबीले कावीळ करतं का? उद्यापासून नळी पिवळी दिसली तर घरीच बस.”

रुपरावांनी पुन्हा दोनदा समजावलं. ऐकणार कोण! तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसत त्यांनी पावडर बंद केली. गाळ बसावा म्हणून ते पाण्यात तुरटी तेवढी फिरवत, तिच्यामुळे पाणी नितळ दिसे. लतिकाबाई रोज माझी नळी उन्हात धरून म्हणत, “पाहा, कसं शुद्ध!” उभ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक झालं नव्हतं. मी पाणी बिघडल्याचं सांगत होते आणि त्या मला शाबासकी देत होत्या. मला स्वतःचीच किळस आली.

मे महिन्यात पाहुण्यांची पोरं आली, दिवसभर डुंबली. त्यातल्या एकाच्या अंगात कणकण होती. घरी परतल्यावर त्याला कावीळ झाल्याचं कळलं. जूनमध्ये लतिकाबाईंच्या धाकट्या लेकीचे, बेबीचेही डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टर टाकीवर आले, माझ्या नळीत थेंब टाकून म्हणाले, “यात क्लोरीन औषधालाही नाही.”

मधुकरराव रुपरावांवर ओरडले, “लोक सांगत होते, याच्या हाती पाणी देऊ नका. बाटवलंच शेवटी!”

रुपरावांनी मला खाली ठेवलं. “बाटवलं म्हणू नका, साहेब. बिघडलं म्हणा. अन् कोनाच्या हुकमानं बिघडलं, थे बाईसाहेबाइले इचारा.”

सगळे लतिकाबाईंकडे पाहू लागले. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मले काय माहीत त्यातलं?”

रुपराव त्याच पावली निघून गेले. बेबी महिन्याभरात बरी झाली. पुढे सिव्हिल लाइन्समधल्या कुठल्याही बंगल्याने रुपरावांना काम दिलं नाही. पाणी बाटवणारा माणूस हे नाव त्यांच्या आधी तिथे पोहोचत होतं. टाकी कोरडी पडली. मी कोठीघरात गेले, माझी औषधं सुकली. लतिकाबाईंनी एकदा मला उघडलं, लगेच मिटलं आणि जुन्या पत्र्यांच्या मागे ढकललं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. पाणी रोज बघणाऱ्या माणसाचं ऐका. आणि चूक तुमची असेल, दुसरा तिच्यापायी मार खात असेल, तर “मीच सांगितलं होतं” एवढं तरी म्हणा. तीन शब्द आहेत. लतिकाबाईंना तेवढेही जमले नाहीत.