सर्व्हरबाईंची रजा

मी ॲप्लिकेशन सर्व्हर बोलतोय. म्हणजे काय ते कळलं नाही ना? हरकत नाही. ज्यांनी मला विकत घेतलं त्या मोठ्या साहेबांनाही ते अजून कळलेलं नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

सोपं करून सांगतो, कारण माणसांना अवघड काही सांगून उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे. जावा भाषेत लिहिलेले कचेरीतले प्रोग्रॅम एकट्याने काही करू शकत नाहीत. त्यांना राहायला जागा द्यावी लागते, दारात आलेलं काम ज्याचं त्याच्याकडे पोचवावं लागतं, डेटाबेसपर्यंतची वाट मोकळी ठेवावी लागते. हे सगळं मी करायचो. प्रोग्रॅम नुसते येऊन राहायचे, आयते.

ही कंपनी चष्म्याच्या काचा तयार करते. एका थंडगार खोलीत, काचेच्या भिंतीआड माझं यंत्र आहे. माझ्याकडे अशा प्रोग्रॅमांची चार बिऱ्हाडं होती. ऑर्डरी कायम घाईत, साठा कायम सुस्त, बिलं कायम कुरकुरणारी, आणि पगार महिनाभर झोपून शेवटच्या आठवड्यात सगळ्यांची जागा अडवणारा. एकाने हातपाय पसरले की बाकीच्यांचा श्वास कोंडायचा, असं लोक म्हणत. लोकांना काय, म्हणायला तोंड असतं.

आणि लोक तरी कसले! पडदा जरा अडकला की तेच बटण पुन्हा पुन्हा दाबायचं, मग 'सर्व्हर स्लो आहे' म्हणून बोंब मारायची. बटण दाबणाऱ्या बोटाला कुणी कधी स्लो म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मला सांभाळायला एक बाई होती. तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. शिकली संगणक, पण आयुष्य गेलं माझी मर्जी राखण्यात. चारपैकी कुठल्याही बिऱ्हाडात काही बदल करायचा झाला, की मला पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागे. त्यासाठी ती सगळ्या खात्यांत फिरून परवानगी मागायची. साठावाले हो म्हणाले की बिलंवाले नाही म्हणायचे. शेवटी जेवणाची सुट्टी ठरायची. बाकीचे डबे उघडायचे आणि ही माझ्यासमोर बसायची. मी पडद्यावर विचारायचो, 'नक्की बंद करायचं?' बोट बटणावर ठेवून ती सगळ्या कचेरीला हाक मारायची, "सगळे बाहेर पडलात ना?" मगच दाबायची. मला हे फार आवडायचं. मान असावा तर असा.

माझ्या खोडी फक्त तिलाच ठाऊक होत्या. त्यामुळे तिला रजा नसे. असलीच तर फोनसकट.

तिची आई दवाखान्यात होती तेव्हाची गोष्ट मी अभिमानाने सांगत असे. त्या दिवशी मी बसलो होतो, म्हणजे पार बसलो होतो. मोठ्या साहेबांनी तिला फोन लावला. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून ती त्यांना सांगत होती, "ते नाही साहेब, त्याच्या खालचं. आता थांबा. काय दिसतंय ते वाचून दाखवा." साहेबांना वाचून दाखवायलाही वेळ लागतो. मी एकदाचा चालू झालो. ती आत गेली तेव्हा आईला ऑपरेशनसाठी नेलं होतं. पलंग रिकामा होता. आई पुन्हा शुद्धीवर आली नाही, असं नंतर कचेरीत बोलताना ऐकलं. पण मी चालू झालो होतो. याला म्हणतात निष्ठा, असं मी समजत होतो.

मग झटपट आला. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला इंजिनिअर. प्रत्येक गोष्टीला "झटपट होईल" म्हणायचा, म्हणून हे नाव. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, हे धूड अजून कशाला पाळलंय? आता सर्व्हर प्रोग्रॅमच्या आतच असतो. एक फाइल, एक आज्ञा, झालं काम."

मी मनात हसलो. म्हणजे प्रत्येकाने आपापली चूल पोटात घेऊन फिरायचं! ज्या प्रोग्रॅमांना स्वतःचं दार उघडता येत नव्हतं, ते आता स्वतःचा सर्व्हर बाळगणार. चिमुकला, फुकटचा, मुळात नाव घेण्याच्या लायकीचा नाही असला सर्व्हर. माझ्याकडे चौघांना जावाची एकच आवृत्ती वापरावी लागे. ऑर्डरींना नवी हवी असायची, पगाराला जुनी सोडवत नव्हती. मी दोघांनाही जुनीवर ठेवलं होतं. शिस्त म्हणून काही असतं की नाही? झटपटच्या राज्यात ज्याने त्याने हवी ती घ्यावी. लाड सगळे!

बाई त्याला झिडकारील, असं मला वाटलं होतं. मी गेलो तर हिचं कामच काय उरणार? पण ती त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसली आणि वही काढून, नाक न मुरडता, एकेक गोष्ट विचारू लागली. तिच्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याच्या आत तिला हे सगळं उरकायचं होतं. मला सोडून जायला बाई इतकी उतावीळ झालेली पाहून मी थक्क झालो.

चौघंही माझ्यातून बाहेर पडले. मी रिकामा. खबरदारी म्हणून मला चालू ठेवलं होतं एवढंच.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळं ठप्प झालं. पडदे गोठले, काचा घासणारी यंत्रं उभी राहिली, चष्मेवाल्यांचे फोन खणखणू लागले. मला हवं ते झालं होतं. झटपटला पळता भुई थोडी झाली. मोठे साहेब तरातरा आले.

"पुरे झालं हे नाटक. सगळं परत जुन्यावर आणा. आणि बाई, तुमच्या बाबांची तारीख जरा पुढे ढकलता येते का बघा."

माझा ऊर भरून आला. आता ही माझ्याकडे वळणार.

ती जागची हलली नाही. "साहेब, आईच्या वेळी मी फोनवर होते. बाबांना आत नेतील तेव्हा मी त्यांचा हात धरून असणार आहे. जुन्यावर आणायचं तर आणा, पण तो चालवायला मी इथे नसेन."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग झटपटकडे. दोघांपैकी कुणावरच त्यांचा विश्वास दिसला नाही.

"मग काय करायचं?"

"दुपारपर्यंत थांबा."

झटपट डोकं खाजवत होता. "हे प्रोग्रॅम डेटाबेसच्या इतक्या वाटा अडवून का बसलेत?"

"कारण किती घ्यायच्या ते आपण त्यांना सांगितलंच नाही," ती म्हणाली. "जुन्याकडे वाटा मोजक्याच होत्या, चौघांनी मिळून वापरायच्या. ती मर्यादा मी जुन्यातच घातली होती. प्रोग्रॅममध्ये कधी लिहिलीच नाही. हे मात्र प्रत्येकी हव्या तेवढ्या घेतात."

घर बदलताना पाण्याची टाकी मागे राहावी, तसलं काहीतरी. दोघांनी मिळून प्रत्येकाला मर्यादा घालून दिली. दुपारी यंत्रं पुन्हा फिरू लागली. कुणीही माझी आठवण काढली नाही.

ऑपरेशनच्या दिवशी ऑर्डरींत खोट निघाली. मी सावध झालो. आता हिला फोन जाणार! झटपटने एकट्या ऑर्डरींना थांबवलं, दुरुस्त केलं, चालू केलं. बिलंवाल्यांना पत्ताही लागला नाही. मग त्याने खरंच फोन उचलला. मला वाटलं, आला वठणीवर. तर त्याने बायकोला फोन लावून मुलीला शाळेतून आणायला सांगितलं.

सर्व्हरबाईचा फोन दिवसभर वाजला नाही. मी वाट पाहत होतो. राग आला होता म्हणा, पण खरं सांगायचं तर वाईट वाटलं. माझ्यावाचून तिचा एक अख्खा दिवस तिचा स्वतःचा झाला होता.

आज ती परत आलीय. झटपटने विचारलं, "कसे आहेत बाबा?" ती म्हणाली, "शुद्धीवर आल्याआल्या माझ्यावरच ओरडले, कामावर का नाही गेलीस म्हणून." आणि हसली. इतकी वर्षं मी तिला रोज पाहिलंय. हे हसू मला ओळखीचं नव्हतं.

आता ती माझ्यासमोर बसलीय. मी नेहमीसारखं विचारलंय, 'नक्की बंद करायचं?' या वेळी तिने कुणाला हाक मारली नाही. माझ्यात आता कुणी नाहीच. तिचं एक बोट बटणावर आहे आणि कानाला फोन आहे, माझ्यासाठी नसलेला.

"बाबा, गोळी घेतलीत का?" ती विचारतेय.

जरा थांब, बाई. एवढं उत्तर येऊ दे. मलाही ऐकायचंय.