उरेल ते घरचं

थांबा की हो जरा! प्लेट हातात पडली की सगळेच माझ्याकडे पाठ करून खायला लागतात. आज तोंड इकडे करा. मी ठेला बोलून राहिलो. हाव, हाच. चार चाकांचा, लाल रंगाचा, ज्याच्या पोटावर रंगाऱ्यानं ड्रॅगन काढायला घेतला आणि शिंगं असलेला सरडा काढून ठेवला. इकडे हिंदी मुलखात, बीरगावात, उरला नावाच्या कारखानावस्तीकडून येणारा रस्ता जिथं वळतो, तिथं मी रोज दुपार कलली की उभा असतो.

मला एक खोड आहे. मी फार चौकस आहे. माणूस काय खातो, काहून खातो, खाल्ल्यावर त्याचं तोंड कसं दिसतं, हे पाहत बसायचं हाच माझा उद्योग. जन्मभर एका जागी उभं राहणाऱ्यानं दुसरं करावं तरी काय?

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर सालवृक्षाच्या फळ्या, खाली सायकलची चाकं. त्यातलं डावं पुढचं चाक जन्मापासूनच फेंगडं. मला न्यायला आला तो नरहर. गोंदियाकडचा माणूस, इथं लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता; काम सुटलं तसा स्वतःचं काही करायचं म्हणून आला. त्यानं मला दोन हात ढकलून पाहिलं आणि विचारलं, "हे चाक डावीकडे काहून ओढते?"

"चलता है भैया," वेल्डिंगवाला म्हणाला. तेव्हापासून चालतंच आहे.

सुरुवातीला माझ्यावर चाऊमिन नव्हतं. भाजी होती! अभनपूरकडच्या शेतांतून येणारी लाल भाजी, चेच भाजी, मुनगा (तुम्ही शेवगा म्हणता ना, तोच), भेंडी, दोडके. पहाटे नरहर पाणी शिंपडायचा तेव्हा माझ्या फळ्यांनाही गार वाटायचं. मी स्वतःला मोठा देखणा समजत होतो बाप्पा.

नरहरचा एक नियम होता. बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, झाल्याशिवाय घरच्या माणसानं मालाला हात लावायचा नाही. पहिला माल गिऱ्हाइकाचा, तेव्हाच दिवस बरा जातो. घरचं काय? तर जे उरेल ते घरचं. त्याच्या बापाचा हाच नियम, आज्याचा हाच. नरहरची बायको गोदू त्यावर एकदाही काही बोलली नाही. आणि त्यांची चित्रा, तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जायची, ती तर त्या नियमातच वाढली.

आणि उरायचं हो, पुष्कळ उरायचं. मला तेच कोडं होतं. कारखाने सुटले की बायकामाणसांचा लोंढाच्या लोंढा माझ्या समोरून जायचा. सगळ्यांना भूक लागलेली. भाजी समोर. मग घेत काहून नाहीत?

उत्तर दिलं क्षमानं. प्लास्टिकच्या कारखान्यात पॅकिंगला होती ती. एका संध्याकाळी थांबली, लाल भाजीची जुडी हातात घेतली, नाकाशी नेली, आणि हळूच परत ठेवली.

"ले जाओ ना दीदी, एकदम ताजी आहे," नरहर म्हणाला. हिंदी-मराठीची त्याची अशीच खिचडी असते.

"अच्छी है भैया. पर कौन साफ करेगा? दिन भर खड़े हो के आ रहे हैं."

त्या दिवशी मला कळलं की जुडीचा जो भाव नरहर सांगतो, तो अर्धाच आहे. निवडणं, धुणं, चिरणं, तेल, गॅस, आणि हे सगळं करायला गुडघ्यांत उरलेलं बळ, हे सगळं त्या भावात धरावं लागतं. एका खोलीत सहा-सात जण राहणारी पोरं तर जुडीकडे पाहायचीसुद्धा नाहीत. चूल एक, आणि तिचा नंबर लागेपर्यंत झोप यायची.

तर, उरलेली भाजी घरी. कोमेजलेली चेच, जून झालेला मुनगा, दबलेले टमाटे. गोदू ते सगळं तुरीच्या डाळीत घालून शिजवायची. घर गरीब होतं, यात काही खोटं नाही. पण चित्रा कशी पळायची! शाळेतून सुटली की रस्त्याच्या त्या टोकापासून पळत यायची आणि माझ्या फळीवर थाप मारून पुढं घरी जायची. ती थाप मला अजून आठवते. पोलिसात भरती व्हायचं, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. सगळ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, सांगत फिरायची.

पण उरलेल्या भाजीवर घर चालत नाही. शेवटी नरहरनं मला लाल रंगवलं, भट्टी बसवली, मोठी कढई आणली, आणि वर पाटी लावली: 'चित्रा चायनीज फास्ट फूड'. पोरीच्या नावानं ठेला! त्या दिवशी गोदूनं माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं आणि मी शहाण्यासारखा लाजून उभा राहिलो.

आणि काय सांगू! तेच लोक, तोच रस्ता, तोच मी, फक्त कढईतून धूर निघाला आणि रांग लागली. रांगेत पहिली कोण? क्षमा. नूडल्स, कोबीची दोन बोटं, तेल, लाल सॉस, वरून व्हिनेगर, आणि चवीची पांढरी पूड. प्लेट हातात आली की ती आधी तिच्यावर तोंड धरून वाफ घ्यायची. मग डोळे मिटून पहिला घास.

मला सांगा, त्या घासाला मी नावं कशी ठेवू? सकाळपासून तिनं दुसऱ्यांसाठी माल भरला होता, आता कोणीतरी तिच्यासाठी गरम काही करून हातात दिलं होतं. निवडायचं नाही, भांडी घासायची नाहीत. चार जणी मिळून उभ्या, हसतायत, एकमेकींच्या प्लेटीतलं खातायत. तेलीबांध्याच्या श्रीमंत वस्तीकडून कधीमधी मोटारीतून येणारी माणसं काच खाली करून म्हणतात, "हे लोक कसलं कसलं खातात!" त्यांचा मला राग येतो. खायला येतातच काहून मग, आणि दोन प्लेट बांधून नेतात काहून? पण एक गोष्ट मला खटकायची, ती सांगतो. खाऊन गेलेली माणसं चौकापर्यंत पोचेस्तोवर पुन्हा भजी शोधायची. पोट फुगायचं, भूक मात्र जाग्यावर. हे कसं, हे मला कळत नव्हतं.

नरहरच्या घरी चार पैसे आले. पंखा आला, पक्कं छत आलं. नियम मात्र तोच राहिला. चित्रा कॉलेजातून भुकेली यायची, तळलेल्या मंचुरियनकडे हात न्यायची, की नरहरचा झारा आडवा.

"बोहनी नाही झाली अजून, पोट्टे! उरलं का मंग खाजो."

उरायचं. पण आता भाजी नव्हती ना उरायला! उरायच्या नूडल्स. गार झालेल्या, तेलात चिकटलेल्या. डबा भरून रात्री घरी. वेगळा स्वयंपाक कोण करणार? गोदू दुपारभर नूडल्स उकडून आणि कोबी चिरून थकलेली. तीच डब्यात चमचा घालायची आणि चित्रापुढे सरकवायची.

चित्राचे गाल भरले. गोदू शेजारणीला कौतुकानं सांगायची, "पाह्य व, पोट्टी कशी भरून आली! पहिले नुसती काडी होती." मीही फसलो हो. मलाही वाटलं, पैसा आला की माणूस असाच दिसतो. पण मी चौकस ना, माझ्या लक्षात आलं की फळीवरची थाप हलकी झालीय. मग थाप कधी पडायची, कधी नाही. धावत येणारी चित्रा चालत यायला लागली.

आणि भरती जाहीर झाली. फॉर्म भरला, धावण्याची तारीख लागली. चित्रा पहाटे शाळेच्या मैदानावर जायला लागली. एका दुपारी नरहर कढई तापवत होता. समोरून चित्रा पळत येताना दिसली आणि मला इतका आनंद झाला! मी थापेची वाट पाहत होतो. थाप नाही. तिनं माझं हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि खाली बसली. तिचा सगळा भार माझ्या फेंगड्या चाकावर आला. ओठ पांढरे.

"काय झालं व माय?" नरहर झारा टाकून धावला.

"कुछ नहीं बाबा. चक्कर आ गया."

त्याच वेळी सत्यभामा रस्त्यानं चालली होती. पाऱ्यातली मितानिन ती. घरोघरी फिरून बाळंतिणींची, लेकरांची खबर घेणारी, सरकारी गोळ्या वाटणारी. तिनं चित्राची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली आणि तिचा चेहराच बदलला.

"खून नइ हे देह म. का खाथस नोनी तैं?" देहात रक्तच नाही, काय खातेस पोरी तू, असं विचारत होती ती.

चित्रानं मान वर केली नाही. "जो बच जाता है, दीदी."

तेवढंच बोलली. तक्रार म्हणून नाही. विचारलं तसं सांगितलं. मी नरहरच्या तोंडाकडे पाहत होतो. मला ते तोंड पुन्हा पाहायचं नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. फारच कमी निघालं. गोळ्या मिळाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, पोटात डाळ, हिरवी भाजी, अंडं जायला पाहिजे; आणि अशी धावलीस तर मैदानातच पडशील. धावण्याला दोन-अडीच महिने होते. घरी आल्यावर चित्रानं फक्त भिंतीला टांगलेले पळायचे बूट काढून खाटेखाली सारले. हे मला नरहर-गोदूच्या भांडणातून कळलं, कारण ते भांडण माझ्याच समोर झालं.

"भाजी विकत होतो तवा पोट्टी पळे," गोदू म्हणाली. "आता चार पैसे आले तं बसली. हे कसं झालं, सांगा मले!"

"मंग काय ठेला बंद करू? भाजी घेते काय कोणी?"

"ठेला बंद करा म्हणलं काय मी? मी म्हणून राहिली, गावाले पहिले आन् पोरीले उरलंसुरलं, हा कुठला न्याय?"

नरहर कढई घासत बसला. घासलेलीच कढई पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुनग्याचा पाला आणला आणि चाऊमिनमध्येच टाकला! काय ओरडले लोक! "ये घास काहे डाल दिए भैया?" अर्ध्या प्लेटी परत आल्या. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मग त्यानं चाऊमिनला हात लावला नाही. माझ्या एका कोपऱ्यात लहान तवा मांडला. बेसन, तांदळाचं पीठ, बारीक चिरलेला मुनग्याचा पाला, वरून अंडं फोडायचं. इकडे त्याला चीला म्हणतात.

"चीला तो घर में भी बनता है," एक पोरगा नाक मुरडून म्हणाला.

"बनता कहाँ है?" क्षमा मागून बोलली. "मेरे यहाँ तो होली से नहीं बना. भैया, एक दे दो."

असं नका समजू की सगळे चीला खायला लागले. नाही. रांग आजही चाऊमिनचीच मोठी असते, तव्याकडे मोजकेच वळतात. पण क्षमा आठवड्यातून दोन-तीनदा वळते, आणि त्या दिवशी ती पुढं भज्यांसाठी थांबत नाही. मी पाहतो ना तिच्या पाठीकडे. तर गरिबाला स्वस्तात, पटकन, उभ्या उभ्या चांगलं खायला घालता येतं का? या प्रश्नाचं मला अर्धं उत्तर मिळालंय. येतं, पण करणाऱ्यानं आधी तसं मनात आणावं लागतं. उरलेलं अर्धं मी शोधतोच आहे.

पण ज्यासाठी तुम्हाला थांबवलं, ते तर राहिलंच. तवा मांडला तो पहिला दिवस. पहिला चीला तव्यावर फुगला होता. चित्रा बाजूच्या स्टुलावर बसली होती, नुसती, हाताला काम नाही म्हणून. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. "भैया, जल्दी एक प्लेट!"

"रुको भैया," नरहर म्हणाला. "बोहनी होऊन राहिली."

त्यानं चीला उलटला, प्लेटीत घेतला, आणि चित्रापुढे धरला.

चित्रा दचकून मागं सरकली. एरवी हिंदीच बोलणारी ती, त्या दिवशी पहिल्यांदाच मराठीत बोलली. "बाबा, बोहनी नाई झाली ना अजून..."

"तूच माही बोहनी हायेस," नरहर म्हणाला. "खाय माय. गरम हाये तोवर खाय."

ती खात होती आणि रडत होती. गिऱ्हाईक बिचारं थांबून राहिलं. मी लाकडाचा, लोखंडाचा. पण मला विचाराल तर इतक्या वर्षांत माझ्यावर खरी बोहनी तीच झाली. तेव्हापासून रोज पहिली प्लेट चित्राची. धंदा बुडाला नाही. नरहरच्या आज्याला सांगायला हवं होतं कोणीतरी.

आता माझा रंग उडालाय, सरड्याचं एक शिंग गेलंय, आणि डावं चाक आणखीच फेंगडं झालंय. किती दिवस ढकलला जाईन, ठाऊक नाही. तुम्ही खुशाल खा हो, चाऊमिन खा, चीला खा, मी कोणाचा घास मोजणार? फक्त खाऊन झाल्यावर, ज्यानं करून दिलं त्याला एवढं विचारा, "घरी कोण पहिले जेवते भाऊ?" विचारलं तर पाहा, तो कढईकडे पाहायला लागतो की तुमच्याकडे.

चित्राची धाव येत्या सोमवारी आहे. ती निघेल का पुढं, मला माहीत नाही, आणि ते कळायला माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. पण काल संध्याकाळी रस्त्याच्या त्या टोकाकडून पावलं वाजली. मी हँडल घट्ट धरलं जाईल म्हणून चाक सावरून बसलो. तर फळीवर सणसणीत थाप बसली, आणि पावलं थांबलीच नाहीत.

अरे, पुन्हा वाजली! सरका बाप्पा, प्लेटी उचला, रस्ता सोडा. पोट्टी येऊन राहिली.