कागदाच्या भिंती

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या घरात जपान अवतरतं. माझी सून गरिमा टीव्हीवर जुने काळे-पांढरे जपानी सिनेमे लावते आणि मी बडबडत बसते. "अगं बाई, हे तर आपलंच घर! बाप नुसता हूं करतोय, आई भात वाढतेय, आणि लग्न ठरल्याचं पोरीला सगळ्यांत शेवटी कळतंय!"

एकदा चिडून विचारलं, "या मेल्या बाया सारख्या हसतात कशाला?"

"भिंती कागदाच्या आहेत ना, आईसाहेब. रडलं की ऐकू जातं."

इकडं हिंदी मुलखात, कंपू या जुन्या छावणीच्या वस्तीत, आमच्या घराच्या भिंती चांगल्या हातभर जाड. तरी मला ऐकू येतं. परवा भाजी अळणी झाली म्हणून माझ्या लेकानं, समरजीतनं, ताट भिरकावलं. सकाळी हिचं मनगट निळं. "दार लागलं," म्हणाली, हसून. मी मध्ये पडले तर माझ्यावरही हात उगारतो तो. पोटचा पोर, पण त्याच्या जीपचा आवाज आला की मी देवघरात जाऊन बसते.

आज सिनेमातली बाई नवऱ्याचा कोट घडी करताना हसली. पुढच्याच दृश्यात खोली रिकामी. गरिमानं टीव्ही बंद केला.

"आईसाहेब, माहेरी जाऊन येते. ओटी भरता?"

"समरला विचारलंस?"

"तो आला की तुम्हीच सांगा." आणि हसली. तेच हसू! मी उठून तांदळाचा डबा काढला.

तांदूळ, नारळ, खण, सगळं तिच्या पदरात घातलं. रीतीप्रमाणे त्यातले चार दाणे सुनेनं परत यावं म्हणून घरात ठेवायचे. तिनं सगळी ओटीच देवापुढं रिकामी केली.

"परत यायचंच नाही, तर तुमची ओटी कशी नेऊ?"

ही गेली की घरात मी आणि समर. 'नको गं जाऊस' अगदी ओठांवर आलं होतं. पण खाली बसले, तांदूळ गोळा केले आणि पुन्हा तिच्या पदरात घातले.

"सासूची नको, आईची म्हणून ने. एक दाणा ठेवू नकोस इथं. मागच्या दारानं जा, ऑटो कर, स्टेशन गाठ."

तेव्हा ती रडली. मोठ्यानं, गळ्यात पडून. मग गेली.

मी टीव्ही लावला. थोड्या वेळानं जीप फाटकात थांबली.

"आईसाहेब! गरिमा किधर है?" आवाज अंगणातूनच चढलेला.

तो दारात आला. मी त्याच्याकडं बघितलं आणि हसले.