टेकडीवरच्या घरातील वमनपात्र

मी एक जुने वमनपात्र आहे. मित्रांनो, एवढ्यात नाक मुरडू नका. माझी हकीकत ऐका आणि मग खुशाल मुरडा.

जर्मनीतील एका विद्यापीठाच्या गावात, नदीवरच्या टेकडीवर, विद्यार्थ्यांच्या एका जुन्या बंधुसंघाचे दगडी घर आहे. त्या घराच्या तळमजल्यावर, न्हाणीघराच्या भिंतीत, मी छातीच्या उंचीवर बसवलेले आहे. बिअर पिऊन पोट तुडुंब झाले की माझ्यात ओकायचे आणि परत जाऊन प्यायचे, एवढ्याच कार्यासाठी माझी योजना झाली आहे.

माझा जन्म चिनी मातीच्या कारखान्यात झाला. माझ्यासोबत भट्टीतून निघालेली भावंडे इस्पितळांत आणि शाळांत गेली. तेथे त्यांच्यात लोक हात धुतात. माझ्याही नशिबी तसेच काही असेल अशी माझी भाबडी समजूत होती. परंतु माझे भोक हाताची मूठ आत जाईल एवढे रुंद ठेवले गेले आणि दोन्ही अंगांना घट्ट धरण्यासाठी पितळी मुठी बसवल्या गेल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माझी स्तुती पुष्कळ झाली. मुले मला 'पोपमहाराज' म्हणतात, कारण माझ्यापुढे सगळेच वाकतात. गालावर विद्यार्थीदशेतल्या तलवारबाजीचे व्रण मिरवणारे वृद्ध सभासद पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणून माझे कौतुक करतात. वरच्या मजल्यावरील ग्रंथांच्या कपाटावर धूळ साचते, परंतु माझ्या मुठी मात्र नेहमी लखलखीत असतात. त्या लखलखाटाची मला किळस येते. अर्धवट चावलेले सॉसेज, आंबवलेली कोबी, बटाट्याचे सॅलड, आणि या सर्वांवर आंबूस फेस! मित्रांनो, ही सारी मेजवानी मी उलट्या दिशेने पाहिली आहे.

एका शरद ऋतूत एन्नो नावाचा मुलगा या घरात राहायला आला. तो समुद्रकाठच्या एका खेड्यातला होता. ऑक्टोबरात, सत्र सुरू होताना, विद्यापीठाच्या गावात खोली मिळणे दुरापास्त, आणि येथे भाडे अगदी नाममात्र. शिवाय त्याच्या वाढदिवसाला केक आणणारे गावात हेच लोक होते. नव्या सभासदाला येथे 'कोल्हा' म्हणतात. एन्नोला रंगीत टोपी मिळाली, आणि टोपीसोबत फोल्कमार नावाचा वरिष्ठही मिळाला.

"कोल्ह्या, ग्लास रिकामा कर!" फोल्कमार ओरडायचा.

"पोटात जागाच नाही रे."

"मग पोपमहाराजांकडे जा आणि जागा करून ये. भाडं काय उगाच कमी घेतो आम्ही?"

अशा रीतीने तो कोवळा मुलगा वारंवार माझ्यावर ओणवा होई. त्याचे कपाळ धरायला कोणीही येत नसे. दारातून हसण्याचा आवाज मात्र येई.

त्याच सुमारास विद्यार्थी मंडळाच्या गेशे हार्म्स या मुलीने एक पिवळी पुस्तिका छापली. 'स्वस्त खोलीचे भाडे' असे तिचे नाव होते. नव्या विद्यार्थ्यांनी अशा घरांत शिरण्यापूर्वी विचार करावा, हा तिचा हेतू होता. फोल्कमारने एक प्रत पैदा केली आणि माझ्यासमोर उभा राहून मोठ्याने वाचली.

"ऐका रे, आपले पोपमहाराज छापून आले! 'त्या घरात ओकण्यासाठी खास भांडे आहे. पाजलेल्याला पुन्हा पाजता यावे म्हणून ते आहे.' काय भाषा आहे बाईची!"

मंडळी खदाखदा हसली. पुस्तिका टराटरा फाडून माझ्यात टाकली गेली आणि तिच्यावर एकजण ओकला. माझा गळा तुंबला. मला साफ करणे हे कोल्ह्याचे काम, म्हणून सकाळी एन्नोने तो लगदा हाताने उपसला. त्यातले एक पान त्याने धुतले, हीटरवर वाळवले आणि उभ्याउभ्याच पुन्हा पुन्हा वाचले.

इकडे बंधुसंघाने विद्यापीठाकडे तक्रार केली, की असले भांडे आमच्या घरी नाहीच, सबब पुस्तिका वाटण्यापूर्वी नष्ट करावी. विद्यापीठाच्या अधिकारी ब्रुन्क बाई खात्री करण्यासाठी येणार असे ठरले. त्या दिवशी फोल्कमारने माझ्या तोंडावर जिरेनियमची कुंडी ठेवली.

"ही फुलदाणी आहे, समजलं?" त्याने एन्नोला बजावले. "तू काही पाहिलेलं नाहीस. उद्या तुझा शपथविधी आहे, जन्माचा भाऊ होणार आहेस आमचा. तोंड उघडलंस तर सामान रस्त्यावर."

ब्रुन्क बाई आल्या. सोबत गेशेही आली.

"फुलदाणीला मुठी कशाला हो?" गेशेने विचारले.

"वाऱ्याने पडू नये म्हणून," फोल्कमार म्हणाला.

"भिंतीत चिणलेली फुलदाणी? आणि न्हाणीघरात वारा?"

"मला तरी फुलंच दिसताहेत," असे म्हणून ब्रुन्क बाईंनी टिपणवही पिशवीत ठेवली.

एवढ्यात दुसऱ्या दिवशीच्या शपथविधीसाठी आलेले वृद्ध वकील टीडेमान डुलत डुलत आत आले. कुंडी पाहताच त्यांचा पारा चढला.

"हे झाडझुडूप कोणी ठेवलं इथे? अरे, ह्याच मुठी धरून मी माणूस झालो! माझ्या वडिलांनी वर्गणी काढून बसवलंय हे!"

"वकीलसाहेब, वर चला ना, कॉफी निवतेय," फोल्कमार त्यांची बाही ओढू लागला.

"सोड रे! बाई, असं भांडं अख्ख्या गावात सापडायचं नाही तुम्हाला. ए कोल्ह्या, दाखव बघू यांना कसं धरायचं आणि कसं वाकायचं!"

ब्रुन्क बाईंनी टिपणवही पुन्हा बाहेर काढली.

एन्नो पुढे झाला. त्याने कुंडी उचलून जमिनीवर ठेवली. सवयीने त्याचे दोन्ही हात माझ्या मुठींवर आले. मला वाटले, हा आता वाकणार. परंतु त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यात ठेवली.

"आज मी शुद्धीत आहे," तो म्हणाला, "तरीपण मळमळतंय."

"अरे मूर्खा, राहशील कुठे?" फोल्कमार किंचाळला.

दारातून गेशे म्हणाली, "आमच्या स्वयंपाकघरात गादी घालता येईल. भांडी घासावी लागतील पण."

"भांडी घासता येतात मला," एन्नो म्हणाला आणि सामान आणायला वर गेला.

पुस्तिका वाटली गेली. पुढच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तर माझेच छायाचित्र आले. फोल्कमारने तेही माझ्यात टाकले, म्हणून मला दिसले. छायाचित्रात मी कुरूप दिसते. परंतु खोटे दिसत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवितात, की आमची निगा राखा. माझी विनंती उलटी आहे. माझ्या मुठी घासू नका. मला विसरून जा. अद्याप येथे नवे कोल्हे येतात आणि मी अद्याप ओले आहे. तुमचा एखादा सोबती माझ्यावर ओणवा झालाच, तर हसू नका, त्याचे कपाळ धरा. त्याचे तोंड पुसा, आणि त्याला मेजाकडे नव्हे, दाराकडे न्या. मला एकदा कोरडे पडायचे आहे.