दोन वर्षांचा फिल्टर

चुन्नीलालने पक्कडीने क्लिप ढिली केली, पेट्रोलच्या नळीतून जुना फिल्टर ओढून काढला आणि तळहातावर उलटा करून झटकला. जे काही बाहेर पडलं ते पाहून त्याने नाक मुरडलं.

"ही गाडी पेट्रोल पिते का माती?"

गुलशनला हसू आलं नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा बंद पडलेली मोटारसायकल त्याने देवरीच्या वेशीपासून चुन्नीलालच्या गॅरेजपर्यंत ढकलत आणली होती. मागून त्याचे सासरे यादोराव धोतराचा सोगा हातात धरून, एक शब्द न बोलता चालत आले होते. त्यांना आज बँकेत अंगठा द्यायचा होता, तो देऊन झाला. गुलशनचं काम मात्र तसंच राहिलं होतं.

घर सोडल्यापासून तो मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होता. चिचगड मागे पडलं, जंगल लागलं, आणि त्याने हिय्या करून तोंड उघडलं. "मामाजी," एवढं म्हणून होतंय न होतंय तोच इंजिनाने आचका दिला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातलं हे बहुधा शेवटून दुसरं असावं.

गुलशन लमसेना जावई होता. मुलीच्या बापाला द्यायला त्याच्या घरी काही नव्हतं, म्हणून पाच वर्षं सासऱ्याच्या शेतात राबायचं आणि मग बायकोला, दिव्याला, घेऊन आपल्या घरी जायचं, असं ठरलं होतं. मुदत सरली की सासऱ्याने स्वतःच्या तोंडाने, चार माणसांदेखत म्हणायचं असतं, आता माझ्या पोरीला घेऊन जा. जावयाने ते मागायचं नसतं. मागितलं की केलेल्या सगळ्या कष्टांची शोभा जाते.

पाचाची आठ झाली. एका वर्षी बोअर आटली, एका वर्षी सासूबाईंच्या, दुर्पताबाईंच्या, डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, एका वर्षी धानात रानडुकरं घुसली. यादोरावांना मुलगा नव्हता. घरात त्याला कोणी कधी वावगं बोललं नाही. गरम भात आधी त्याच्या ताटात पडायचा, हिवाळ्यात त्याच्या आंघोळीचं पाणी सासूबाई स्वतः तापवायच्या. वाईट वागणाऱ्याशी माणूस भांडू तरी शकतो. इथे भांडायचं कोणाशी? रात्री जेवून हात धुताना कधी कधी त्याला वाटायचं की आपल्याला कोणीतरी खूप प्रेमाने पुरून टाकतंय.

आणि आता थोरल्या भावाने, कैलाशने, आमगावच्या एका राइस मिलमध्ये त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. नाही झाला तर मालक दुसरा माणूस घेणार होता. आज शनिवार उजाडून दुपार झाली होती.

चुन्नीलालने काचेच्या कपाटातून तीन फिल्टर काढून फळीवर मांडले.

"हा प्लास्टिकवाला. सस्ता हाय. तीन महिने चालला तं नशीब समजा. हा मधातला, साल-दीड साल. अन् हा कंपनीचा, आत कागदाची घडी हाय. दोन वरसं पाहाले नाही लागत."

गुलशनने प्लास्टिकचा उचलला. एरवीही तो तोच घ्यायचा. आज तर सोमवारपर्यंत टिकला तरी पुरे होता.

"थांब," यादोराव म्हणाले.

बँकेतून आल्यापासूनचा हा त्यांचा पहिलाच शब्द. त्यांनी कंपनीचा फिल्टर हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, कानाजवळ नेऊन हलवला. बैल विकत घेतानाही ते इतका वेळ लावत नसत.

"दोन वरसं म्हणते ना?"

"पक्के दोन."

"हाच बसव मंग."

"कायले एवढा महागाचा, मामाजी?" गुलशन घाईघाईने म्हणाला. "आपलं जाणं-येणं तं चिचगडपर्यंतच."

"बसव म्हटलं ना."

दोन वर्षं! गुलशनने हातातला प्लास्टिकचा फिल्टर फळीवर परत ठेवला. एक बोअर, एक मोतीबिंदू, एक रानडुकरांचा कळप. त्यात आता हे. म्हाताऱ्याने हिशोब करूनच घेतलाय, त्याला वाटलं.

चुन्नीलाल गिऱ्हाइकाची नाडी ओळखणारा माणूस. पण त्या दिवशी त्याचा अंदाज चुकला.

"म्हणजे जवाई अजून दोन वरसं पक्का!" तो मोठ्याने म्हणाला.

बाकावर पंक्चर निघायची वाट पाहत बसलेले मास्तर हसले. टायरला टेकून उभा असलेला ट्रकचा ड्रायव्हर हसला. चहाची किटली घेऊन आलेली नंदाबाईही तोंडाला पदर लावून हसली. गुलशन जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे पाहत राहिला.

यादोराव हसले नाहीत. नंदाबाईने चहा ओतला आणि ती निघाली, तेव्हा ते म्हणाले, "जरा थांब बाई."

ती थांबली. यादोरावांनी चहाचा पेला फळीवर ठेवला. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. आधी चुन्नीलालकडे, मग मास्तरांकडे, ड्रायव्हरकडे, नंदाबाईकडे.

"गाडी आमगावले जाणार हाय," ते म्हणाले. "माही पोट्टी मागं बसन, सामान राहीन. आता तिकडंच राहाचं हाय त्यायले. मी सांगून राहिलो, घेऊन जा म्हून. रस्त्यात बंद पडाले नाही पाहिजे."

मास्तरांना त्यातलं काही उमगलं असावं, कारण ते बाकावरून उगाच उठून उभे राहिले. गुलशनने मान वर केली. चार माणसं होती. त्याने मोजली नाहीत, पण चारच होती.

नवा फिल्टर बसला. यादोरावांनी कनवटीची गाठ सोडून पैसे दिले. गुलशनने किक मारली, आणि कधी नव्हे ते इंजिन पहिल्याच किकला सुरू झालं.

"बसा, मामाजी."

यादोराव रस्ता ओलांडून बसथांब्याच्या सावलीत जाऊन उभे राहिले होते. गुलशन गाडी चालू ठेवूनच त्यांच्यापाशी गेला.

"मी बसनं जातो," ते म्हणाले. "तू असाच आमगावले जा. मिल पाहून ये, खोली पाहून ये. कैलाशचा फोन आलता मले."

"कवा?"

"झाले आठ दिस."

"घरी चलू ना पहिले. मायले सांगू, दिव्याले सांगू..."

"दिव्याले तू सांग. फोन कर." म्हातारा रस्त्याकडे पाहत होता. "दुर्पताले मी सांगतो. पण तू घरी असशीन तं मले सांगणं नाही होनार. तीन वरसं झाले, रोज सांगीन म्हणतो. जेवाले बसलो का तू समोर दिसते, अन् राहून जाते."

इतकी वर्षं गुलशनला वाटत होतं की त्या घरात अडकलेला माणूस एकच आहे.

"मामाजी, उद्या सकाळी गेलो तं..."

"उद्या मी नाही म्हणीन," यादोराव म्हणाले. "जा."

चिचगडची बस आली. यादोराव दांड्याला धरून सावकाश वर चढले आणि खिडकीपाशी बसले. गाडीवरून फिरायची सवय लागल्यापासून ते एसटीत बसले नव्हते. खिडकीची काच कशी सरकवायची तेही त्यांना आठवेना. गुलशनने बाहेरून ती सरकवून दिली. कंडक्टर पुढे आला.

"किती लोकं, बाबा?"

यादोरावांनी बाहेर उभ्या असलेल्या गुलशनकडे पाहिलं.

"एकच," ते म्हणाले.

बस सुटली. गुलशन गाडीवर बसला. आमगावचा रस्ता समोर मोकळा होता, इंजिन एका लयीत चालत होतं. बस वळणाआड दिसेनाशी झाली, तरी त्याचा पाय गिअरवर जाईना.